गौरीची विहीर आणि कोरडा खड्डा

काळाचौकीतल्या एका चाळीची विहीर माझ्या मनातून अजून गेलेली नाही. निवृत्त पोलीस अधिकारी भेटला की लोकांना खून, टोळ्या, चकमकी यांच्या गोष्टी हव्या असतात. त्या माझ्याकडेही आहेत, आणि लग्नाच्या पंगतीत कोणी आग्रह केला तर मी त्या रंगवून सांगतोही. पण एकटा बसलेलो असताना जी घटना आठवते ती त्या विहिरीची. त्यात कोणी कोणाचा जीव घेतला नाही. तरीही एका भल्या माणसाचं नाव कायमचं खराब व्हायला थोडंसंच बाकी होतं. ते झालं नाही, याबद्दल मी काही लोकांचा आजन्म ऋणी आहे. नाव मात्र कोणाचंच लिहीत नाही. ज्यांची आहेत ते स्वतःला ओळखतील.

तेव्हा मी गिरणगावातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. गणपतीचे दिवस होते. लालबाग-परळमध्ये ज्याने गणपतीचा बंदोबस्त केला नाही त्याने पोलीस खात्यात अर्धीच नोकरी केली, असं मी आजही म्हणतो. सुट्ट्या रद्द, घरचा डबा ठाण्यात येतो आणि तसाच परत जातो, ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे हरवलेल्या माणसांची आणि चोरलेल्या मोबाइलची रांग. आमच्या भागात त्या दिवसांत अवजड वाहनांना बंदी असते. ट्रक, डंपर, टँकर सगळे बाहेरच्या नाक्यांवरच अडवतात. त्या नाक्यांवर ट्रॅफिकवाल्यांच्या जोडीला माझीही माणसं उभी होती, आणि एकही गाडी सुटता कामा नये असं मी हजेरीच्या वेळी रोज बजावत होतो.

गौरी आल्या त्या दिवशी दुपारी परळच्या रुग्णालयातल्या पोलीस चौकीतून फोन आला. एकाच चाळीतल्या काही बायकांना आणलंय, सगळ्यांची तोंडं आतून भाजल्यासारखी झालीत, उलट्या थांबत नाहीत, आणि त्यांतल्या एका तरुण सुनेला श्वास घ्यायला त्रास होतोय, असा निरोप होता. सगळ्यांनी चाळीच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं होतं. मी तो फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. चाळीचा पंप चालवणाऱ्या माणसाने विहिरीत पांढरी पावडर टाकलीय, त्याचं घर तपासा, गोणी सापडेल, असं म्हणून त्याने फोन बंद केला.

निनावी फोनबद्दल माझा एक अनुभव आहे. खबर देणाऱ्याला फक्त खबर द्यायची असेल तर तो काय पाहिलं ते सांगतो. पोलिसांनी काय करावं हेही तो सांगायला लागला की त्याचं त्यात काहीतरी असतं. पण खबर ती खबर. स्टेशन डायरीला नोंद करून मी जीप काढली.

ही चाळ जुनी, गिरणी कामगारांची. बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली, आणि शेवटच्या इमारतीत बौद्ध कुटुंबं. पिण्याचं पाणी नळाला येतं. विहिरीचं पाणी पंपाने टाकीत चढवून धुण्याला, संडासाला वापरायचे. पंपाचं काम बघणारा माणूस शेवटच्या इमारतीतला, पन्नाशीकडे झुकलेला, एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. सगळी चाळ त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही इथे तेच म्हणतो.

चाळीच्या मागच्या भिंतीपलीकडे मोठी मोकळी जागा होती. जुनी माणसं तिला कचरपट्टी म्हणत. एके काळी शहराचा कचरा, गिरण्यांच्या बॉयलरची राख, रंगखात्यातला गाळ असं मिळेल ते टाकून तिथली खोलगट जमीन भरून काढली होती. वर माती पडली, गवत उगवलं, पोरं क्रिकेट खेळायला लागली आणि खाली काय आहे हे सगळे विसरले. आता तिथे टॉवर होणार होते. त्याआधी जमीन साफ करायची अट होती. जुना कचरा उकरून झाकलेल्या डंपरमधून ठरलेल्या ठिकाणी न्यायचा आणि खड्ड्यात झिरपणारं काळं पाणी टँकरने शुद्धीकरणाच्या प्लांटला पाठवायचं. फाटकावर तसा भला मोठा फलक लावलेला होता. मी तो जाता-येता बऱ्याचदा वाचला होता. पोलिसाला फलक वाचायची सवय असते, समजून घ्यायची सवय लागतेच असं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा चाळीच्या चौकात खूप गर्दी होती. मंडळाच्या पोरांनी दादाला कमिटीच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. शर्टाची कॉलर फाटली होती, पण अजून कोणी हात उचलला नव्हता. त्याच्या घराबाहेरच्या फळीखाली ब्लीचिंग पावडरची अर्धी गोणी मिळाली. गोणी दिसताच गर्दीचा आवाज चढला. आदल्या वर्षी लाउडस्पीकरवरून त्याने मंडळाशी वाद घातला होता, तो विषय निघाला. तो गौरी-गणपती मानत नाही, हे कोणीतरी बोललं. त्यापुढे जे बोललं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. गिरणगावात इतकी वर्षं काढल्यावर अशा बोलण्याचा शेवट कुठे होतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी दादाला जीपमध्ये घातलं, विहिरीच्या पाण्याचा आणि पावडरचा नमुना पंचांसमक्ष सीलबंद केला आणि विहिरीवर दोन शिपाई बसवले.

ठाण्यात आल्यावर फोन सुरू झाले. अटक केली का? गुन्हा कोणत्या कलमाखाली? वरिष्ठांचा निरोप आला की सणाचे दिवस आहेत, लोकांना कारवाई दिसली पाहिजे. त्यांचंही चूक नव्हतं. बाहेर शंभरएक माणसं उभी होती, आणि त्या सुनेचं काही बरंवाईट झालं असतं तर ती शंभराची हजार झाली असती. दादाला अटक दाखवणं सोपं होतं. गोणी होती, साक्षीदार होते, जुना वाद होता. मग महिन्या-दोन महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल येऊन तो सुटलाही असता. पण विहिरीत विष घालणारा म्हणून एकदा पकडलेला माणूस त्या चाळीत पुन्हा राहू शकला नसता, आणि त्याची मुलंही नाही.

चौकशीला बसलो की मी आधी चहा मागवतो. माणूस कप कसा धरतो ते बघतो. दादाने कप दोन्ही हातांनी धरला आणि खाली ठेवला नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. दोन-तीन दिवस पंप लावला की पाण्याला डांबरासारखा वास यायचा. उंदीर-बिंदीर मेला असेल म्हणून त्याने ब्लीचिंग आणून टाकली. वास गेला नाही, उलट वाढला. कमिटीला सांगितलं, तर विसर्जन होऊ दे, मग बघू, असं उत्तर मिळालं. त्या दुपारी कामावरून घरी येतो तर बायका गौरी आणायला विहिरीवर उभ्या. त्याने गॅलरीतून ओरडून सांगितलं की पाणी तोंडात घेऊ नका. कोणी वर बघितलं नाही. तो आणखी जोरात ओरडला, तेव्हा पूजेत अडथळा आणतो म्हणून पोरांनी त्याला धरून आत ओढलं.

मला हे पटेना. मी म्हटलं, इतकी खात्री होती तर खाली पळत जाऊन हंडा का हिसकावला नाहीस?

त्याने आता कप टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "साहेब, मी जाऊन गौरीच्या हंड्याला हात लावला असता, तर काय झालं असतं, ते मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"माझ्या आज्याला गावात विहिरीची पायरी चढू देत नव्हते," तो म्हणाला. "इथे पंपाची चावी माझ्याकडे आहे. अख्ख्या चाळीने दिलीय, मी मागितली नव्हती. आणि त्या पाण्यात मी विष टाकीन? साहेब, अटक करायची तर करा. पण असं लिहू नका."

माझा त्याच्यावर विश्वास बसला होता. पण विश्वास स्टेशन डायरीत लिहिता येत नाही. माझ्या मनात एक गोष्ट अडकली होती, ती मी आमच्या हवालदाराला बोलून दाखवली. हा हवालदार मालवणकडचा, निवृत्तीला आलेला, आणि माझ्यापेक्षा शांत माणूस. मी म्हटलं, गॅलरीतून एक माणूस एवढा ओरडतोय आणि खाली उभ्या असलेल्या इतक्या बायकांपैकी एकीनेही त्याला काय झालं म्हणून विचारू नये? शिव्या तरी घालायच्या. सगळ्या साक्षीदारांचं एकमत होतं की बायका एक शब्दही बोलल्या नाहीत. हे मला खोटं वाटत होतं.

हवालदार हसला. म्हणाला, "साहेब, बोलणार कशा? तोंडात पाणी होतं."

मी घाटावरचा. आमच्या गौरी मुखवट्याच्या, उभ्या. त्यांच्याकडची रीत मला माहीत नव्हती, ती त्याने समजावून सांगितली. त्या चाळीत तेरड्याची गौर विहिरीवरून आणतात. गौर घेणारी आणि तिच्यासोबतच्या सगळ्या जणी विहिरीच्या पाण्याची चूळ तोंडात भरून घेतात आणि घराच्या उंबऱ्यापर्यंत ती थुंकत नाहीत, गिळत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. वाटेत कोणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. मला एकदम लख्ख दिसलं. पहिलीच्या तोंडात आग पडली असणार. पण तिला बोलता येत नव्हतं, म्हणून दुसरीने चूळ भरली, मग तिसरीने. प्रत्येकीला वाटलं असणार की त्रास आपल्या एकटीलाच होतोय, आणि आपल्यामुळे गौर बाटायला नको. तशाच त्या सगळ्या जणी तोंडात जळजळतं पाणी धरून जिने चढल्या. त्या सुनेला तर वाटेत ठसका लागला आणि पाणी श्वासात गेलं.

मी रुग्णालयात फोन केला. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी घाईगडबडीतही नीट उत्तर दिलं. बायका आज बोलण्याच्या स्थितीत नाहीत, पण ब्लीचिंगने असं होत नाही, उलटीला डांबराचा वास येतोय, असं त्या म्हणाल्या. त्यांनी ते तेवढ्यावर सोडलं नाही, केसपेपरवरही लिहून ठेवलं. एका ओळीची नोंद, पण त्या रात्री अटक न दाखवण्यासाठी माझ्या हातात तेवढाच एक कागद होता. त्या बाईंचे आभार मानायला मी नंतर पेढे घेऊन गेलो, तर त्यांना कोणती केस तेही आठवत नव्हतं.

दुसरा दिवस गौरीच्या ओवशाचा, म्हणजे पूजनाचा. कोकणी घरात त्या दिवशी बाई स्वयंपाकघर सोडत नाही. सकाळी ठाण्याच्या दारात रिक्षा थांबली, आणि चाळीत जिला सगळे काकी म्हणतात ती म्हातारी तोंडावर ओला टॉवेल धरून उतरली. आदल्या दिवशी गौर तिच्याच हातात होती. डॉक्टरांनी घरी सोडल्यावर ती घरी न जाता सरळ ठाण्यात आली होती. मुलगा मागून नको-नको म्हणत येत होता, पण ती थांबली नाही. मी खुर्ची दिली. ओठांना फोड आले होते, बोलताना डोळ्यांत पाणी यायचं. लिहून दिलं तरी चालेल, मी म्हटलं. तिने मान हलवली आणि बोलायलाच सुरुवात केली.

"तेका सोडा," ती म्हणाली. "तो वरसून आमका सांगी हुतो, पाणी तोंडात घेव नकात. मी आयकलंय. पण तवसर माझ्या तोंडात पाणी गेला हुता. जीभ भाजली. थुकतलंय कशी? गौर हातात हुती."

मग ओठ टॉवेलने टिपून तिने पुढचं सांगितलं. "मी थयच थुकलंय असतंय, तर माझी सून आज हास्पिटलात नसती. दोष लावूचो तर माका लावा. तेणा काय केल्यान नाय."

तिचा जबाब घेताना हवालदाराचा हात मध्येच थांबला, मी त्याला पाणी पिऊन यायला सांगितलं. नोकरीत मी हजारो जबाब घेतले. आपल्या घरचं माणूस रुग्णालयात असताना, सगळी चाळ एका बाजूला असताना, सणाचा दिवस सोडून कोणी दुसऱ्यासाठी असं बोलायला आलेलं मी क्वचितच पाहिलं.

आता दादा जवळजवळ मोकळा होता. पण बाहेरच्या गर्दीला एवढं पुरणार नव्हतं. त्याने नाही, तर मग कोणी, हे मला सांगावं लागणार होतं. मी पुन्हा चाळीत गेलो. विहिरीपर्यंत कोण कुठून येऊ शकतं हे बघायला गच्चीवर चढलो. गणपती बसल्यापासून पाऊस धरलेला होता, गच्चीवरही घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं. तिथून मागच्या भिंतीपलीकडची कचरपट्टी पूर्ण दिसायची. खोदलेला मोठा खड्डा, कडेला काळ्या मातीचे ढीग, दोन-तीन गंजलेली पिंपं.

खड्डा कोरडा होता.

गच्चीवर पाणी, रस्त्यावर पाणी, आणि एवढ्या खोल खड्ड्याच्या तळाला नुसता चिखल. टँकरने उपसलं असेल, हा पहिला विचार. दुसरा विचार आला तो माझ्याच बंदोबस्ताचा. टँकर आले कुठून? नाक्यावर वायरलेसने विचारलं, कचरपट्टीचा एखादा टँकर सोडलात का? पलीकडच्या अंमलदाराला वाटलं साहेब परीक्षा घेताहेत. "एकही नाही सर, आपलाच आदेश आहे," तो ठसक्यात म्हणाला. त्याचेही मी आभार मानतो. त्याने एखादा टँकर ओळखीवर सोडला असता, तर माझं सगळं गणित कोसळलं असतं.

आम्ही भिंतीला वळसा घालून फाटकातून आत गेलो. साइटवर फक्त सुपरवायझर आणि वॉचमन होते. सुपरवायझर तिशीतला, लातूरकडचा, बायको-मुलं गावाला. खड्ड्यातलं पाणी कुठे गेलं, मी विचारलं. जमिनीत जिरलं, तो म्हणाला. मी म्हटलं, आपोआप जिरतं तर इतके महिने टँकरचं भाडं कशाला भरत होता? तो वॉचमनकडे बघायला लागला. तोपर्यंत हवालदार भिंतीच्या कडेने चालत गेला होता. कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीवर गोणपाटं टाकलेली होती, ती त्याने बाजूला केली. खाली जुन्या बोअरवेलचं तोंड होतं आणि त्यात पंपाचा जाड पाइप खोल सोडलेला. भिंतीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर चाळीची विहीर.

सुपरवायझरला मी दरडावलं नाही. तो स्वतःच बोअरच्या कडेला बसला आणि सांगायला लागला. खोदताना रंगखात्यातली जुनी पिंपं फुटली होती. त्यानंतर काळं पाणी जास्तच घाण झालं. टँकर बंदीमुळे अडले. पाऊस थांबेना. खड्डा भरला असता तर चाळीच्या बाजूची भिंत बसली असती, याची त्याला खरंच भीती वाटत होती. कंत्राटदाराला फोन केला, तर त्याने कसंही कर पण खड्डा रिकामा ठेव, एवढंच सांगितलं. "साहेब, मला वाटलं जमिनीखाली गेलं म्हणजे गेलं," तो म्हणाला. दादाला गोणी नेताना त्याने भिंतीवरून पाहिलं होतं. बायकांना रुग्णालयात नेल्याचं कळल्यावर घाबरून त्यानेच वॉचमनच्या मोबाइलवरून मला खबर दिली होती.

मला त्याचा राग आला, आणि कीवही. अत्यावश्यक कामाच्या टँकरला सणातही पास मिळतो. ट्रॅफिकच्या कार्यालयात एक अर्ज द्यायचा, दुसऱ्या दिवशी पास हातात. कंत्राटदाराच्या ऑफिसातल्या कोणालाही ते सुचलं नव्हतं, किंवा त्यांनी ते सुचू दिलं नव्हतं. पाइप, पंप, बोअरचं तोंड, खड्ड्यातला गाळ, सगळ्याचा पंचनामा केला, नमुने घेतले आणि साइटचं काम बंद केलं. भूजलाचा अभ्यास असलेल्या एक अधिकारी बाई त्या संध्याकाळीच आल्या. खालच्या काळ्या खडकात भेग आहे, बोअर आणि विहीर त्याच भेगेवर आहेत, म्हणजे एकाच टाकीचे हे दोन नळ आहेत, असं त्यांनी माझ्यासारख्याला कळेल अशा भाषेत सांगितलं. पाणी मातीतून झिरपत गेलं असतं तर वर्षं लागली असती. इथे ते थेट आत ओतलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला घरी पोचवायला मी स्वतः गेलो. दिवसाउजेडी, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून. चौकात उतरल्यावर मोठ्याने सांगितलं की या माणसाने तुम्हाला आधी सावध केलं होतं, वास कुठून येतो हे आता सापडलं आहे, आणि विष कचरपट्टीच्या खड्ड्यातून आलं. ज्या पोराने त्याची कॉलर धरली होती तो खाली बघत उभा होता. दादाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कमिटीच्या सेक्रेटरीला म्हणाला, पंपाची मेन लाइन आधी तोडा, टाकीतलं पाणी अजून संडासाच्या नळाला येतंय, पोरं तिथे हात धुतात. दोन दिवस ठाण्यात काढून आलेल्या माणसाचं घरी आल्यावरचं हे पहिलं वाक्य होतं. मला त्या क्षणी त्याच्यापुढे फार लहान वाटलं, आणि बरंही वाटलं.

काकीची सून वाचली. तिला बरेच दिवस रुग्णालयात राहावं लागलं, आवाज मात्र थोडा घोगरा झाला तो झालाच. कंत्राटदारावर गुन्हा दाखल झाला. खटल्याचं काय झालं, कोण सुटलं, कोण अपिलात गेलं, ते सांगत बसलो तर वाचकाची करमणूक होईल पण समाधान होणार नाही. समाधानाची गोष्ट वेगळी आहे. साइट पुन्हा सुरू झाली ती नव्या देखरेखीखाली. भिंतीच्या कडेने तपासणीच्या बोअर मारल्या, खालचं दूषित पाणी उपसून प्लांटला जायला लागलं, आणि त्याचे अहवाल चाळीच्या फलकावर मराठीत लावायचे असं त्या भूजलवाल्या बाईंनी भांडून ठरवून घेतलं. चाळीतल्या बायका ते अहवाल निवडणुकीच्या निकालासारखे वाचायच्या. न समजलेलं विचारायला त्या थेट साइट ऑफिसात जायच्या, आणि तिथल्या इंजिनिअरची फार तारांबळ उडायची.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारतं. जमिनीखाली ढकललेलं कुठे तरी वर येतं, हे तर आहेच, पण ते शास्त्रज्ञ माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. पोलीस म्हणून मी एवढं शिकलो की साक्षीदार गप्प आहे याचा अर्थ लावण्याआधी तो गप्प का आहे हे विचारावं. आणि माणूस म्हणून हे शिकलो की गुन्ह्याचा तपास एकटा अधिकारी कधीच लावत नाही. माझ्या सेवापुस्तिकेत त्या तपासाबद्दल शेरा आहे, बक्षीसही आहे. खरं म्हणजे ते हसून सांगणाऱ्या हवालदाराचं, केसपेपरवर एक ओळ लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं, नाक्यावर टँकर अडवणाऱ्या पोरसवदा अंमलदाराचं आणि भाजलेल्या तोंडाने बोलायला आलेल्या त्या म्हातारीचं आहे. त्यांच्यामुळे माझ्या हातून एक अन्याय व्हायचा राहिला. याहून मोठं बक्षीस मला नोकरीत मिळालं नाही.

पुढच्या वर्षी गौरीच्या दिवशी मी त्याच चाळीत बंदोबस्ताला होतो. माझा तो शेवटचा गणपती. विहिरीला अजून जाळी आणि कुलूप होतं, पाणी सुधारत होतं पण वापरायची परवानगी नव्हती. गौर कुठून आणायची यावर कमिटीत बरीच चर्चा झाली होती. कोणी म्हणालं नळावरून, कोणी म्हणालं समुद्रावरून. काकीने कोणाचं ऐकलं नाही. आदल्या दिवशी ती शेवटच्या इमारतीचा जिना चढून दादाच्या दारात गेली आणि तुझ्या घरातलं पाणी देशील का, असं तिने विचारलं. हे मला हवालदाराने सांगितलं. दादा म्हणाला होता, "काकी, आमच्याकडे गौरी-गणपती नाही, ते तुम्हाला माहीत आहे. पाणी आहे. लागेल तेवढं न्या."

दुपारी बायका हातात तेरडा घेऊन त्याच्या दारात उभ्या राहिल्या. घोगऱ्या आवाजाची सूनही होती. दादाची बायको कळशी घेऊन बाहेर आली आणि तिने एकेकीच्या ओंजळीत पाणी घातलं. काकीने सगळ्यांत आधी चूळ भरली. दुसरीने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, काकीने डोळ्यांनीच ठीक आहे असं सांगितलं, मग दुसरीने भरली. निघताना काकी दारात उभ्या असलेल्या दादाकडे आणि त्याच्या बायकोकडे वळली. बोलता येत नव्हतं, म्हणून तिने गौर एका हातात धरली आणि दुसरा हात दादाच्या बायकोच्या हातावर ठेवला.

"काकी, सावकाश उतरा," दादा वरून म्हणाला. "जिना ओला आहे."

कोणी मान वळवली नाही, कोणी उत्तर दिलं नाही. पण सगळ्या जणींनी कठडा धरला आणि त्या एकेक पायरी जपून खाली उतरल्या.